हिरवळ पिवळी पडली तर आधी काय पाहावे?

शेतातली हरळी खणून काढण्यात आपल्या वाडवडिलांचे किती उन्हाळे गेले याचा हिशेब नाही. काळ्या रानात हरळी शिरली की हातभर खोल कुदळ मारावी लागे, तिच्या काशा वेचून बांधावर वाळवाव्या लागत, आणि एवढे करूनही पहिल्या वळवाला ती पुन्हा डोके वर काढी. तीच हरळी चर्चसमोर, शाळेच्या अंगणात किंवा दफनभूमीत मात्र मुद्दाम लावावी लागते, आणि नेमकी तिथेच ती रुसते. कुठे पिवळे चट्टे, कुठे टक्कल, कुठे छत्र्यांचे गोल कडे. मग पॅरिशच्या सभेत कोणीतरी म्हणतो, "रोग पडला." दुसरा कोणी दुकानातून औषध आणून फवारतो, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर मुले त्याच गवतावर लोळतात. कापलेले गवत कोणाच्या तरी म्हशीपुढे जाते ते वेगळेच.

या लेखात रोगांची नावे पाठ करून घेण्याचा हेतू नाही. गवताकडे पाहावे कसे, एवढे समजले तरी पुरे. हिरवळीच्या बहुतेक तक्रारी मुळात रोगाच्या नसतात. पाणी, सावली, पायांची वर्दळ, बोथट पाते, जास्त झालेले खत अशी त्यांची कारणे असतात, आणि त्यांवर दुकानात औषध मिळत नाही.

पाहणी सकाळी उजाडताना करावी. दव असतानाच बुरशीची जाळी दिसते; ऊन चढले की ती विरून जाते आणि मागे फक्त वाळलेले गवत उरते. सोबत एक खुरपे, एक लोखंडी सळई आणि पांढरा रुमाल घ्यावा. चट्ट्याच्या मधोमध पाहण्यात अर्थ नाही, कारण तिथे सगळे मेलेलेच असते. जिथे आजारी गवत आणि निरोगी गवत एकमेकांना भिडते, त्या कडेला बसून पाहावे. प्रेताकडे पाहून वैद्याला दुखणे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

प्रथम चट्ट्याचा आकार पाहा. सरळ रेषेत किंवा चौकोनी चट्टा असेल तर तो माणसाच्या हातचा समजावा. मांडव घातला होता तिथे चौकोन उमटतो, खताची मूठ दोनदा पडली तिथे पट्टा करपतो, कापणीच्या यंत्रातून तेल गळले तिथे काळपट ओघळ राहतो. बुरशीला सरळ रेघ मारता येत नाही. गोल चट्टा असेल तर बुरशी किंवा कुत्रा, या दोघांपैकी एकावर संशय घ्यावा. कुत्रे मुतलेल्या जागी मध्ये गवत जळते आणि भोवती गर्द हिरवे, तरारलेले कडे उठते, कारण कडेला तेच मूत्र पातळ होऊन खताचे काम करते. असा चट्टा पुढे पसरत नाही. त्यावर दोन बादल्या पाणी ओतावे, एवढाच उपाय. वेडावाकडा, तुटक चट्टा असेल तर मातीत किंवा मुळाशी काहीतरी आहे असे समजून खाली पाहावे.

नंतर मूठभर गवत धरून हलके ओढावे. ते घट्ट असेल तर मुळे जिवंत आहेत. पाती सहज निघून आली आणि बुडाशी काळी, कुजलेली दिसली तर बुरशी. सगळे गवत गोधडीसारखे गुंडाळून वर आले, खाली मुळेच नाहीत, तर ते हुमणीचे काम. मग सळई मातीत रोवून पाहावी. निरोगी हिरवळीत ती हाताच्या जोराने वीतभर जाते. दोन बोटांवर अडली तर जमीन तुडवून घट्ट झाली आहे. अशा जमिनीत ना पाणी उतरत, ना मूळ. सणाच्या गर्दीनंतर चर्चच्या दारासमोर हटकून असे होते. तिथे कुदळीने खणण्याची गरज नाही. दाताळ्याने चार बोटे खोल भोके पाडावीत, त्यांत वाळू आणि चाळलेले शेणखत झाडूने लोटावे आणि महिनाभर त्या वाटेवर दोरी बांधावी. दोरी बांधणे हेच यातले सर्वांत अवघड काम आहे, हे पॅरिशचे व्यवस्थापक मान्य करतील.

शेवटी एक पाते तोडून त्याचे टोक पाहा. ते फाटून, चुरगळून पांढरट झालेले असेल तर दोष विळ्याच्या किंवा यंत्राच्या बोथट धारेचा. दुरून अशी सगळी हिरवळ करपल्यासारखी दिसते. हरळी दीड-दोन बोटे उंच राखावी, आणि एका कापणीत उंचीचा तिसरा हिस्साच काढावा. सण उद्यावर आला म्हणून गुडघाभर वाढलेले गवत एकदम बुडापासून कापले तर खालचा पिवळा दांडा उघडा पडतो आणि उन्हाने भाजतो. त्याला रोग म्हणू नये.

सावलीचे दुखणे वेगळे. हरळीला दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. आंब्याखाली, वडाखाली किंवा चर्चच्या उत्तरेकडील भिंतीलगत ती कधीच दाट होणार नाही, कितीही युरिया द्या. उलट विरळ हरळीत शेवाळ येते. तिथे रुंद पानाचे कार्पेट गवत लावावे, किंवा सरळ जांभ्याच्या चिरा बसवून मोकळे व्हावे.

आता पिवळेपणाकडे वळू. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील आणि सगळी हिरवळ सारखीच फिकी दिसत असेल तर नत्र कमी आहे. गुंठ्याला अर्धा किलो युरिया पुरेसा होतो. तो कोरड्या पात्यांवर टाकावा आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. ओल्या पात्यांना चिकटलेला युरिया डाग पाडतो. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. अथणी-रायबागकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचे आहे. खानापूरच्या तांबड्या जमिनीत सहसा होत नाही. पण दफनभूमीत तिथेही होते, आणि त्याचे कारण आपण स्वतः पेरतो. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी कबरींना चुना लावला जातो, उरलेली चुन्याची निवळी बाजूला ओतली जाते आणि बादल्याही तिथेच धुतल्या जातात. चुना मुरला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. डिसेंबरात कबरींच्या भोवती हातभर पिवळी किनार दिसते ती हीच. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारले तर आठवडाभरात हिरवेपणा येतो. मात्र हिराकशीचा थेंब संगमरवरी दगडावर किंवा फरशीवर पडला तर तांबडा डाग बसतो आणि तो जाता जात नाही. कोणाच्या तरी आईच्या नावावर असा ओघळ उमटावा हे बरे नव्हे. फवारताना दगडावर पोते टाकावे. त्याहून चांगले म्हणजे चुन्याच्या बादल्या फाटकाबाहेर धुवाव्यात.

उन्हाळ्याचा प्रश्न कृषिशास्त्राचा कमी आणि विवेकाचा जास्त आहे. हिरवळीला आठवड्याला इंचभर पाणी म्हणजे गुंठ्याला सुमारे अडीच हजार लिटर लागते. एप्रिल-मे महिन्यांत वाडीवरच्या बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना चर्चच्या अंगणात फवारे उडावेत काय? हरळीची तशी मागणीच नाही. पाणी तोडले की ती वरून वाळते, खालच्या काशा जिवंत राहतात आणि पाऊस पडताच आठ-पंधरा दिवसांत ती हिरवी होते. शंका असेल तर खुरप्याने एक काशी उकरून मोडून पाहावी. आत पांढरी आणि ओलसर असेल तर गवत झोपले आहे, मेलेले नाही. ज्यांना पाणी द्यायचेच आहे त्यांनी रोज शिंपडू नये. आठवड्यातून एक-दोनदा, वीतभर माती भिजेल असे, पहाटे द्यावे. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच राहतात आणि संध्याकाळच्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण मिळते.

खरे रोग येतात ते पावसाळ्यात आणि पाऊस ओसरताना. त्यांची ओळख शेतकऱ्याला नवी नाही, कारण गवत हे भात, ज्वारी आणि ऊस यांचेच भाऊबंद आहे. मोठे गोल, तपकिरी, हातभर ते दोन हात रुंदीचे चट्टे, आणि दवात त्यांच्या कडेला धुरकट वलय दिसत असेल तर ती ऱ्हायझोक्टोनिया नावाची बुरशी. भाताच्या पर्णकोष करप्याला कारण होते ती हीच. भातात जसे युरिया जास्त झाला की करपा माजतो, तसेच इथेही. नर्सरीवाले ज्याला कोरियन किंवा मेक्सिकन गवत म्हणून विकतात त्या बारीक पात्याच्या गवतावर ती अधिक दिसते. याच्या उलट, रुपयाच्या नाण्याएवढे किंवा थोडे मोठे, पेंढ्याच्या रंगाचे अनेक ठिपके, सकाळी त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, हा नाण्या रोग. तो नत्राच्या उपासमारीने वाढतो. म्हणजे एका रोगात युरिया विष आणि दुसऱ्यात थोडासा युरिया औषध. ओळखल्याशिवाय हात घालू नये तो याचसाठी.

तिसरा रोग सर्वांत चपळ. गवत उकडल्यासारखे, तेलकट, चिकट दिसते, पहाटे त्यावर कापसासारखा पुंजका असतो, आणि पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने चट्टा लांबत जातो. निपाणीकडे तंबाखूच्या तरव्यात रोपे बुडातून कोलमडतात ती ज्या पिथियम कुळातील बुरशीने, त्याच कुळाचे हे दुखणे. चट्टा दिसताच तिथले पाणी चर काढून बाजूला वळवावे, आणि ओल्यात त्यावरून चालू नये, कापणी करू नये. पायाला आणि पात्याला लागून ती आवारभर पसरते.

तांबेरा ओळखायला रुमाल उपयोगी पडतो. पाने रुमालात चोळली आणि नारिंगी पूड लागली तर तांबेरा. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलांच्या पांढऱ्या बुटांना लागते तीच ही पूड. गवत उपाशी, सावलीत आणि संथ वाढत असेल तेव्हा हा येतो. थोडे खत देऊन दोन वेळा कापून गवत बाहेर काढले की बहुधा ओसरतो. पात्यांवर राखेसारखी करडी भुकटी साचली असेल आणि बोटाने पुसली असता खालचे पान हिरवेगार निघाले, तर तो रोगच नव्हे. ती एक निरुपद्रवी चिकट बुरशी पात्यावर केवळ बसायला आलेली असते. पाण्याच्या झोताने धुवावी आणि विसरून जावे.

या सर्वांवर पहिला इलाज सारखाच. संध्याकाळचे पाणी बंद करावे, लोळणाऱ्या फांद्या छाटून वारा येऊ द्यावा, तुंबलेले पाणी काढावे, कापलेले रोगट गवत झाडून न्यावे. पहाटे दोघांनी दोन टोकांना धरून एक जाड दोर हिरवळीवरून ओढावा. दव झडते, पाती लवकर वाळतात आणि नाण्या रोगाला यानेच बराच आळा बसतो. दोराला खर्च नाही, म्हणूनच बहुधा त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

छत्र्यांच्या कड्याविषयी अधिक बोलणे भाग आहे, कारण इथे प्रश्न गवताचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. पावसाळ्यात हिरवळीवर गर्द हिरव्या गवताचे वर्तुळ दिसते आणि दोन दिवसांनी त्याच वर्तुळात पांढऱ्या छत्र्या उगवतात. दफनभूमीत असे कडे उठले की कुजबूज सुरू होते. कारण साधे आहे. खाली जुन्या झाडाचे खोड किंवा मुळे कुजत असतात, त्यांवर जगणारी बुरशी मध्यापासून सगळ्या बाजूंनी सारखी पसरते, म्हणून कडे गोल होते. कुजताना सुटणाऱ्या नत्राने गवत तिथे हिरवेगार होते. कड्यावर दाताळ्याने भोके पाडून खोल पाणी द्यावे. बाकीच्या हिरवळीला हलके खत दिले की रंगातला फरक झाकतो. बुरशी मारणारे औषध तिथवर पोचत नाही, तेव्हा पैसे घालवू नयेत.

पण या छत्र्या खाऊ नयेत, कोणत्याही परिस्थितीत नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात रानातली अळंबी खाण्याची पूर्वापार रीत आहे. ती अळंबी वारुळाच्या जागी उगवते आणि तिचा देठ मुळासारखा खोल जमिनीत गेलेला असतो. हिरवळीवर कडे करून येणारी एक मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री दिसायला तिच्यासारखीच भरदार असते. ती पिकली की खालच्या बाजूच्या झालरी हिरवट होतात. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात आणि लहान मूल त्यात गळून जाते. कोवळेपणी हिरवट रंग दिसत नाही, म्हणून रंगावर भरवसा ठेवता येत नाही. चांदीचे नाणे काळे पडते का पाहणे, हळद घालून शिजवणे, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली असे मानणे, या सर्व समजुती खोट्या आहेत. कोणी खाल्लीच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे आणि उरलेली छत्री कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवावी. उलट्या सहा-आठ तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झाल्या तर अधिक भ्यावे. तसली विषे यकृतावर जातात, आणि मध्ये एखादा दिवस बरे वाटले तरी तो फसवा असतो. नुसत्या स्पर्शाने विष बाधत नाही. तेव्हा मिस्सापूर्वी छत्र्या उपटून पुरून टाकाव्यात आणि हात धुवावेत.

हुमणीचे तसे नाही. तिला ऊसवाले आणि भुईमूगवाले चांगले ओळखतात. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी, डोके तपकिरी, पाय सहा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ती मोठी होऊन मुळे फस्त करते. कावळे आणि डुकरे हिरवळ उकरू लागली की तिथे ती आहेच असे समजावे. फूटभर चौरस जागा उकरून पाच-सहापेक्षा जास्त अळ्या निघाल्या तर उपाय करावा, एक-दोन निघाल्या तर कावळ्यांवर सोपवावे. खरा उपाय मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी असतो. पहिला चांगला वळीव पडला की दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर बसतात. तेव्हा आकड्याने फांद्या हलवून खाली अंथरलेल्या चादरीवर ते पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. चर्चच्या आवारातले कडुनिंब आणि आसपासच्या शेताच्या बांधावरची झाडे एकाच संध्याकाळी हलवली तरच उपयोग, एकट्याने केले तर शेजारचे भुंगेरे येतात. युवक मंडळाने हे काम दोन-तीन संध्याकाळी हाती घेतले तर हिरवळीबरोबर उसाचेही भले होईल. अळी झालीच असेल तर मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी. ती उन्हात टाकू नये, मरते.

तण म्हटले की निदणाचा दृष्टांत आठवतो. नोकर उपटू पाहतात आणि धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. ते निदण म्हणजे गव्हासारखेच दिसणारे एक गवत. त्याच्या बियांत वस्ती करणारी बुरशी असते आणि ते दाणे खाण्यात आले तर माणसाला भोवळ येते. म्हणून तिथे घाई नको म्हटले तरी निवड करणे अटळ होते. लव्हाळ्याच्या बाबतीत मात्र थांबू नये. त्याची वरची पाने उपटली की खालची गाठ पुन्हा फुटते. पावसानंतर माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच करावे, म्हणजे उरलेल्या गाठी दमतात. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे; त्याने खाज आणि दमा होतो.

तणनाशकाचा मोह आवरावा. ग्लायफोसेट हरळी आणि तण असा भेद करत नाही. त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध जाहीर केले. पॅराक्वाटवर तर उतारा नाही. एक घोट जीव घेतो. असले औषध सरबताच्या बाटलीत ओतून सॅक्रिस्टीच्या कपाटात ठेवलेले असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते तिथून हलवावे.

बुरशीनाशकाची पाळी आलीच, म्हणजे दोर, चर, छाटणी सगळे करून पंधरवडा झाला आणि चट्टा वाढतोच आहे, तर चट्ट्याच्या कडेची वीतभर चकती मातीसकट उचलून कागदी पिशवीत घालावी आणि रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती वाटेतच कुजते आणि मग तिथल्या अधिकाऱ्यालाही काही सांगता येत नाही. त्यांनी सांगितलेले औषध सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे. फवारणी सोमवारी सकाळी करावी, म्हणजे रविवारपर्यंत सहा दिवस मिळतात. आवाराला दोरी आणि पाटी लावावी, आणि त्या हंगामात कापलेले गवत जनावरांना न घालता खड्ड्यात पुरावे. ज्यांच्या घरी हे गवत नेहमी जाते त्यांना आदल्या रविवारीच तसे सांगून ठेवावे.